‘सावज’ कोणाला म्हणावे?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझ्या थोरल्या भावाला पोलीस असल्याची बतावणी करून फोनवरून लुबाडले. दुसऱ्या दिवशी एका दैनिकात मथळा आला, ‘निवृत्त शिक्षक ठरले भामट्यांचे सावज’. बातमीत नाव नव्हते, पण गावाने ओळखले. पैसे गेल्यापेक्षा तो शब्द दादाला जास्त लागला.

शब्द शिकाऱ्यांचा आहे. हाकारे रान उठवत, मचाणावरचा शिकारी सावज टप्प्यात येण्याची वाट बघत बसे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती शिकार थांबली, सावज मात्र भाषेत राहिले. गंमत म्हणजे, हा शब्द संस्कृत ‘श्वापद’वरून आला. श्वापद म्हणजे हिंस्र जनावर, दुसऱ्याला फाडून खाणारे. सौराष्ट्रात गीरच्या सिंहाला आजही ‘सावज’च म्हणतात! मराठीत ‘श्वापद’ हिंस्रच राहिले आणि त्याच शब्दाचे घरगुती रूप ‘सावज’ बंदुकीच्या नळीपुढे जाऊन उभे राहिले. बंदूक ज्याच्या हाती, त्याच्या नजरेतून पाहिले की सिंहसुद्धा सावजच.

माझे म्हणणे या नजरेविषयी आहे. वेगवान गोलंदाजाने ‘सावज टिपले’ असे लिहिले, तर माझी हरकत नाही, फलंदाजाच्या हातातही बॅट असते. निवडणुकीच्या बातमीतही चालेल. पण फसवल्या गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला सावज म्हणताना आपण नकळत भामट्याच्या मचाणावर चढून बसतो. त्याने किती शिताफीने जाळे लावले, हेच मग वाचणाऱ्याच्या डोळ्यांत भरते. ‘ठरले’ हे क्रियापद तर आणखी वाईट. जणू दादानेच काही केले आणि तो सावज ठरला. ज्याने गुन्हा केला तो वाक्यात कर्ता म्हणून उरतच नाही.

आपल्या दैनिकातही असे मथळे येतात, म्हणून हे पत्र. ‘भामट्यांनी निवृत्त शिक्षकाला लुटले’ एवढे लिहिले तरी पुरते, जागाही जास्त लागत नाही. दादा चाळीस वर्षे मराठी शिकवत होता. ते कात्रण त्याने वहीत ठेवले आहे आणि ‘सावज’ या शब्दाखाली लाल शाईची रेघ ओढली आहे, मुलांच्या निबंधात चुकलेल्या शब्दाखाली ओढायचा तशी.

आपली,
एक वाचक, सातारा