ॲव्हरेज घसरलं की सगळं खापर इथेनॉलवर?

संपादक, सप्रेम नमस्कार,

ई-२० पेट्रोल (म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं) आल्यापासून जुन्या गाड्यांचं ॲव्हरेज पार बसलं, हा आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधला रोजचा विषय झालाय आणि प्रत्येकाचा आकडा आदल्या दिवशीपेक्षा खाली गेलेला असतो. इथेनॉलने ॲव्हरेज कमी होतं हे खरंच आहे, त्यात वाद नाही. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, आणि सरकारच्याच २०२१ च्या इथेनॉल आराखड्यात लिहिलंय की मुळात साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी ट्यून केलेल्या चारचाकीचं ई-२० वर ६ ते ७ टक्के ॲव्हरेज जाणार. पंतप्रधानांनी तो ५ जून २०२१ ला प्रसिद्ध केला आणि त्याच दिवशी ई-१०० ची चाचणी पुण्यातच सुरू केली, म्हणजे आपल्याला तर कानावर आधीच आलं होतं. त्या ६-७ टक्क्यांची पंपावर काही सूट मिळत नाही, हा राग माझाही आहे.

पण जरा हिशोब करू. १५ देणारी गाडी ७ टक्क्यांनी घसरली तर १४ वर येते. तुमची ११ वर आली असेल तर मधले तीन किलोमीटर कोण खातंय?

आधी मोजायचं नीट. टाकी ऑटो कटपर्यंत फुल करा, किलोमीटर लिहा, परत त्याच पंपावर ऑटो कटपर्यंत भरा आणि भागाकार करा, असं लागोपाठ दोन-तीन टाक्या. पाचशेचं पेट्रोल टाकून काटा बघून काढलेलं ॲव्हरेज म्हणजे पंचांग बघून पाऊस सांगण्यासारखं. आणि तुलना कंपनीच्या आकड्याशी करू नका, तो लॅबमध्ये रोलरवर गाडी चालवून काढतात, संध्याकाळी सात वाजता विद्यापीठ चौकात नाही. पंपाच्या मापावरच शंका असेल तर पाच लिटरचं माप मागा, ते दाखवावंच लागतं.

आता खरे चोर. पहिला म्हणजे जाम झालेला ब्रेक. दहा-पंधरा किलोमीटर चालवून आल्यावर चाकाजवळ हात न्या (टेकवू नका, भाजेल), एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथला कॅलिपर (ब्रेकचं पॅड दाबणारा भाग) नीट सुटत नाहीये आणि तुम्ही रोज ब्रेक लावूनच गाडी ओढताय. जुन्या गाडीत, त्यातून एक-दोन पावसाळे उघड्यावर उभ्या असलेल्या, हे फार कॉमन आहे आणि काम तसं किरकोळ असतं.

दुसरा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारा व्हॉल्व्ह, आणि याच्यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण इथे आपले मेस्त्रीच घोळ करतात. कधीतरी गाडी गरम होते, मेस्त्री थर्मोस्टॅटच काढून टाकतो, म्हणतो आता कधी गरम होणार नाही साहेब, आणि खरंच होत नाही! पण इंजिन लागतं तेवढंही तापत नाही, मग कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून थंडच आहे आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो, थंडीत सकाळी टेंपरेचरचा काटा अर्ध्या तासानेही वर येत नाही ते यामुळेच. पार्ट बहुतेक गाड्यांना काही फार महाग नसतो, पण विचारतं कोण. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर म्हातारा झाला तरी असंच होतं. याचा अंदाज घ्यायला पीयूसीचा कागद घडी घालून डॅशबोर्डमध्ये टाकण्याआधी एकदा वाचा, कार्बन मोनॉक्साइडचा आकडा मर्यादेच्या अगदी जवळ किंवा गेल्या वेळेपेक्षा बराच वर गेला असेल तर पेट्रोल नीट जळत नाहीये. एअर फिल्टर मात्र उगाच बदनाम आहे. इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटर नसलेल्या गाडीत तो घाण झाला तर पिकअप जातो, ॲव्हरेजला फारसा फरक पडत नाही. पेट्रोलच्या पाइपला लावायचे मॅग्नेट वगैरे तर विसराच.

ई-२० चा जुन्या गाडीला दुसरा त्रास रबराचा, पाइप आणि सील मऊ पडतात किंवा चिरतात. बॉनेटजवळ पेट्रोलचा वास आला तर ॲव्हरेजचं नंतर बघू, आधी पाइप बदला.

आणि एक गोष्ट धायरीत राहतो म्हणून कळकळीने लिहितो. नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की दरी पुलावरून नवले पुलापर्यंत सगळा उतार, तिथे डिझेल वाचवायला ट्रकवाले न्यूट्रल करतात आणि मग जे अपघात होतात ते तुमच्याच पेपरात येतात. पण कारवालेही करतात, काही महाभाग तर इंजिनच बंद करतात, मग दोन-चार दाबांत ब्रेक दगडासारखा होतो. गंमत म्हणजे यात वाचत काहीच नाही. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये पाय उचलला की इंजेक्टर बंदच होतात, उतारावर पेट्रोल शून्य, आणि न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जातं. तेव्हा चौथ्या-तिसऱ्या गिअरमध्ये निवांत उतरा.

राहता राहिली हवा. टायर पाच-सहा पीएसआयने कमी असतील तर एखाद-दोन टक्के तिथेच गेले, ते भरून काढणं सगळ्यात सोपं, फक्त हवा थंड टायरमध्ये चेक करायची आणि आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरचा घ्यायचा, पंक्चरवाल्याच्या मनातला नाही. पण ती भरायची कुठे? पंपावर हवा फुकट मिळायला पाहिजे असा नियम आहे, प्रत्यक्षात मशीन बंद, नाहीतर पोरगा जेवायला गेलेला, नाहीतर नायट्रोजनचे पैसे द्या, जसं काही साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन नसतोच. इथेनॉलवर तुम्ही भरपूर छापलंत, आता तुमच्या बातमीदाराला एका सकाळी स्वारगेट ते धायरी एकेका पंपावर हवा मागत पाठवा आणि कुठे मिळाली, कुठे नाही ते छापा.

आपला,
एक वाचक, धायरी, पुणे