‘समाजस्वास्थ्य’चा अंक काढून देणाऱ्या ग्रंथपाल काकांना

नमस्कार काका,

परवा निघताना तुमच्याशी धड बोलता आलं नाही. घसा दाटून आला होता. म्हणून हे पत्र.

माझी आजी सांगायची, “मी दोनच बाळंतपणांत सुटले ती कर्व्यांच्या मासिकामुळे. जाऊबाई दहाव्याला गेल्या.” आजीला वाचता येत नव्हतं. र. धों. कर्व्यांच्या संततिनियमनावरच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा अंक टपालानं आला की रात्री आजोबा कंदिलाशी बसून तिला वाचून दाखवायचे. तो अंक एकदा हातात घ्यायचा, एवढंच माझ्या मनात होतं.

तुमच्याकडे येण्याआधी दोन ठिकाणी गेले होते. एकीकडे “तसली मासिकं आम्ही ठेवत नाही” म्हणाले. दुसरीकडे नाव ऐकून दोघं एकमेकांकडे बघून हसले. साठीची बाई मी, कानकोंडी होऊन बाहेर पडले.

तुम्ही टेबलावर पांढरा कागद अंथरलात आणि त्यावर अंक ठेवलात, मुखपृष्ठ वर करून. त्यावर विवस्त्र बाईचं चित्र, आणि समोर स्पर्धा परीक्षेची पोरं बसलेली. तरी तुम्ही तो पालथा घातला नाहीत की आवाज खाली आणला नाहीत. “कडा झडतात, पानं सावकाश उलटा,” एवढंच म्हणालात.

र. धों. कर्व्यांनी तरी दुसरं काय केलं? लोक कुजबुजत विचारायचे त्याची उत्तरं त्यांनी उघड छापली. संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली. १९२७ साली पत्नी मालतीबाईंच्या साथीनं मासिक काढलं ते १९५३ मध्ये स्वतः जाईपर्यंत चालवलं. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये खटला झाला. बाजू मांडायला बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी दंड झालाच. कर्व्यांची सगळी मतं मला पटतात असं नाही. पण विचारणाऱ्याला त्यांनी मान खाली घालायला लावली नाही. तुम्हीही नाही लावलीत. माणुसकी म्हणतात ती मला त्या टेबलापाशी भेटली, काका.

घरी आल्यावर पाहिलं तर त्या पानाच्या कडेचा एक कपटा माझ्या पदराला चिकटून आलाय. डबीत जपून ठेवलाय. शनिवारी परत आणून देते. सोबत आईला घेऊन येईन. आजीच्या दोघांतली ती धाकटी.

तुमची,
एक वाचक