मस्यूकाका, त्या घराला नाही म्हणालात त्याबद्दल

प्रिय मस्यूकाका,

हे पत्र मराठीत लिहितेय कारण माझं फ्रेंच बेकरीत चालतं, शाळेत चालतं, डॉक्टरकडे पण चालतं, पण आभार मानायची वेळ आली की मेर्सी, मेर्सी बोकू, इथेच संपतं. गेल्या महिन्यात तुमची मुलगी तुम्हाला लिमोजला न्यायला आली तेव्हा तेच झालं. तुम्ही गाडीत बसलात, मी काचेपाशी येऊन मेर्सी म्हटलं, तुम्ही "दे रियाँ" म्हणालात, म्हणजे त्यात काय एवढं, आणि गाडी वळणावरून गेली पण. त्यात बरंच काही होतं हो. म्हणून सगळं लिहून काढतेय, रविवारी येऊन तुम्हाला वाचून दाखवणार, नवरा शेजारी बसून फ्रेंच करून सांगेल. आणि उघड लिहितेय ते आपल्या लोकांसाठी, कोणी परदेशात गावाकडे घर घ्यायला निघालं असेल तर त्यांना तुमच्यासारखं माणूस भेटावं म्हणून.

मस्यूकाका हे नाव आमच्या मुलीने ठेवलंय. शाळेत सगळ्या मोठ्या पुरुषांना मस्यू म्हणायचं आणि घरी सगळ्या मोठ्या पुरुषांना काका, तिने दोन्ही जोडून टाकलं, आणि तुम्हाला अर्थ सांगितला तेव्हा तुम्ही दोनदा म्हणून बघितलंत.

आम्ही 2021 मध्ये लिऑनहून इथे, फ्रान्सच्या मध्यावरच्या क्रोझ जिल्ह्यात आलो. नवऱ्याचं काम घरून, शहरातलं भाडं परवडेना, आणि इथल्या वाडीत फायबर आलेलं. वाडीच म्हणते मी, कारण नऊ घरं, त्यातली राहती चार, बाकीच्यांच्या खिडक्यांची दारं बंद. मी रत्नागिरीकडची, मला बंद घरं नवीन नाहीत. आमच्याकडे माणसं मुंबईला गिरणीत गेली आणि घरांना कुलपं लागली, तुमच्याकडे गवंडी पॅरिसला गेले. हे मला तुम्हीच सांगितलंत, की तुमचे खापरपणजोबा दर वर्षी वसंतात पायी निघायचे, पॅरिसच्या इमारती बांधायचे आणि थंडीत गावी परत. मार्तँ नादो पण असाच इथला, 1830 मध्ये चौदाव्या वर्षी बापाबरोबर चालत पॅरिसला गेलेला गवंडी, पुढे खासदार झाला, तुम्ही त्याच्याबद्दल घरातल्या माणसासारखं बोलता. 1851 च्या सुमाराला क्रोझमध्ये 2 लाख 87 हजार माणसं होती, आता सव्वा लाख पण नाहीत. चाकरमानी हा शब्द तुम्हाला समजावायला मला एक मिनिट पण लागलं नाही.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी शेवंतीची कुंडी आणली होती, आठवतंय? आमच्याकडे शेवंती देवाला, सणाला, तोरणाला. तुम्ही दोन्ही हातांनी घेतलीत, आत बसवलंत, कॉफी दिलीत, आणि निघताना हळूच सांगितलंत की इथे ही फुलं थडग्यावर ठेवतात, तूसँला, 1 नोव्हेंबरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी स्मशानाजवळून जाताना बघितलं तर ती कुंडी तुमच्या बायकोच्या थडग्यावर होती. त्या दिवसापासून तुम्ही माझ्यासाठी या गावातलं पहिलं आपलं माणूस.

आता त्या घराबद्दल. दीड वर्ष भाड्याने राहून आम्ही एक घर पसंत केलं, गावाच्या वरच्या अंगाला, निळ्या खिडक्या, ग्रॅनाइटचे घडीव कोपरे, आत एवढी मोठी चूल की आत उभं राहून वर आकाश दिसेल, आणि खालच्या खोलीत शिरलं की थेट आमच्या आजीचं माजघर, तसाच थंडावा, तसाच अर्धा उजेड. मी त्या घरात मनाने राहायला पण गेले होते. साठेखत झालं, इथे त्याला कोंप्रोमी म्हणतात, इसार भरला, आणि पाचव्या दिवशी मी तुम्हाला घर दाखवायला नेलं, सल्ला घ्यायला नाही, कौतुक करून घ्यायला.

एजंट बाहेर फोनवर होता. तुम्ही आधी घराला बाहेरून एक फेरी मारलीत, काहीच बोलला नाहीत, नुसतं उत्तरेच्या भिंतीला तळहात लावून थोडा वेळ उभे राहिलात. मग आत. नवीन लाकडी पट्ट्या बसवल्या होत्या भिंतीला कमरेपर्यंत, मला त्या छान वाटल्या होत्या, तुम्ही बोटाच्या पेराने टकटक करत गेलात आणि एका ठिकाणी थांबून मान हलवलीत. मग स्टूल मागितलंत. ऐंशीच्या माणसाला मी स्टुलावर चढू देत नव्हते तर तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी गप स्टूल धरून उभी राहिले. खिशातून तो तुमचा लाकडी मुठीचा ओपिनेल चाकू काढलात, तुळईच्या मध्यावर टोचलात, टोक पण शिरलं नाही. मी खूश. मग तुम्ही तुळई जिथे भिंतीत शिरते तिथे गेलात आणि तिथे टोचलंत, आणि चाकू मुठीपर्यंत आत गेला. जोर नाही लावलात, लोण्यात जावा तसा गेला. फिरवून बाहेर काढलात आणि पात्यावर जे आलं ते माझ्या तळहातावर ठेवलंत, ओल्या चहाच्या चोथ्यासारखं, तसंच काळपट तपकिरी, आणि वास पावसाळ्यातल्या बंद कपाटाचा. मग पुढची तुळई. मग तिसरी. तिन्हींची तीच गत. स्टुलावरून उतरलात, चाकू रुमालाला पुसलात आणि एवढंच म्हणालात, "नों."

मी तुमच्यावर चिडले होते, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. वास मला पहिल्या दिवशीच आला होता हो, कोकणात वाढलेल्या बाईला ओल नाकाने कळते, पण मला ते घर हवं होतं म्हणून मी नाकाला गप्प बसवलं होतं. दोन दिवस तुमच्या दारावरून गेले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः आलात, हातात जुनं कॅलेंडर, मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने भिंतीचं चित्र. बाहेरून कोणीतरी जुन्या दगडी भिंतीच्या दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, सिमेंटने भरल्यात, सिमेंटला बारीक चिरा जातात, पाणी आत शिरतं पण बाहेर पडत नाही, भिंत ओली राहते आणि तुळयांची टोकं त्या ओल्या भिंतीत वर्षानुवर्षं भिजत राहतात. चुना असता तर भिंतीने पाणी परत सोडलं असतं. चित्राखाली बाण काढून तुम्ही एक आकडा लिहिलात, दुरुस्तीचा, तो घराच्या किमतीच्या अर्ध्याहून जास्त होता. आणि खाली तारीख, आमच्या दहाव्या दिवसाची.

इथला हा नियम आपल्या लोकांनी लक्षात ठेवावा. साठेखताची रजिस्टर्ड प्रत पोस्टमन पहिल्यांदा दारात घेऊन आला की दुसऱ्या दिवसापासून घेणाऱ्याला दहा दिवस असतात, त्यात कारण न सांगता माघार घेता येते आणि इसार पूर्ण परत मिळतो. मला हे नोतेरने, म्हणजे खरेदीखत करून देणाऱ्या सरकारमान्य अधिकाऱ्याने, सांगितलं होतं, मी ऐकून सोडून दिलं होतं. तुम्ही मला दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टात नेलंत कारण पोस्ट फक्त सकाळी उघडं असतं, रजिस्टर्ड पत्र पाठवलं, पोचपावतीसकट, नववा दिवस होता तो. परत येताना गाडीत मी रडत होते आणि तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, फक्त खिडकी थोडी खाली केलीत. इसाराचे पैसे परत आले, आज ते आमच्या छपरावर आहेत.

मग हे घर. हे कोणालाच आवडत नव्हतं. करडं, जमिनीला लिनोलियम, तपकिरी फुलांचा वॉलपेपर दारांवर पण चिकटवलेला. नावं पाच भावंडांची, एक कॅनडात, सगळ्यांच्या सह्या हव्यात, म्हणून चार वर्षं पडून. सातबाऱ्यावर सतरा नावं असलेल्या घरातून आलेय मी, मला त्याची भीती वाटली नाही. तुम्ही पुन्हा भिंतीला हात लावलात, पुन्हा स्टूल, पुन्हा चाकू, आणि या वेळी भिंतीतल्या टोकांना नुसते ओरखडे उठले. चेस्टनटचं लाकूड आहे, म्हणालात, तुझ्या नातवंडांना पुरेल. सिमेंट फक्त पूर्वेच्या भिंतीला होतं, ते छिन्नीने काढता येईल म्हणालात. सेप्टिक टँकचा रिपोर्ट वाचलात, नापास होता, आणि तो घेणाऱ्याने एका वर्षात नियमात बसवायचा असतो, तेव्हा त्याचं कोटेशन आधी घ्या आणि मग किंमत बोला, हे पण तुम्हीच सांगितलंत. नऊ हजार युरोचं कोटेशन आलं, त्यातले सात हजार किमतीतून कमी झाले. सात महिने लागले सगळ्या सह्यांना, खरेदीखताच्या दिवशी तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून नोतेरच्या ऑफिसबाहेर बाकावर बसून होतात, आत यायचं काही कारण नव्हतं म्हणालात.

तुम्ही एक पैसा घेतला नाहीत. चाळीस वर्षं गवंडीकाम करून निवृत्तीत दुसऱ्याच्या भिंतीत कोण हात घालतं? तुम्ही मे महिन्यापासून दर शनिवारी आलात. एक भाग चुना, तीन भाग वाळू, आधी दगडाला पाणी पाजायचं, थापीने आत दाबायचं, वरून नाही फासायचं, आणि थोडं घट्ट झालं की ब्रशने साफ करायचं. दंवाच्या दिवसांत हात लावायचा नाही. माझे आजोबा जांभ्याच्या घराबद्दल अगदी हेच सांगायचे, दगडाला पाणी पाज म्हणून, शब्द पण तोच, आणि मी त्यांचं कधी नीट ऐकलं नव्हतं. गेल्या मे महिन्यात गावी गेले तर पहिल्यांदा वळचणीखाली शिडी लावली आणि वाशांची टोकं स्क्रूड्रायव्हरने टोचून बघितली. तीन वासे गेलेले निघाले, पावसाआधी बदलून घेतले. चुलतभावांनी विचारलं हे कुठे शिकलीस. सांगितलं, फ्रान्समध्ये एक काका आहेत.

बाकी रोजचं काय काय सांगू. दुकानात शिरताना आधी बोंझूर, मग काम, हे मला तुमच्यामुळे अंगवळणी पडलं, नाहीतर पहिले सहा महिने मला वाटायचं बेकरीवाली माझ्यावर नाराज आहे. पहिल्या बुधवारी दुपारी बाराला भोंगा वाजला आणि मी पोरीला घेऊन बाहेर पळाले तेव्हा तुम्ही रस्ता ओलांडून आलात, दर महिन्याला टेस्ट असते म्हणालात. टोमॅटोची रोपं 13 मेनंतर, थंडीचे संत, म्हणजे उशिराच्या दंवाचे ते तीन दिवस, होऊन गेल्यावर. लाकडं या वर्षी घेतलेली दोन वर्षांनी जाळायची, साल वरच्या बाजूला करून रचायची. जंगलातले मशरूम कितीही ओळखीचे वाटले तरी आधी फार्मसीत दाखवून यायचं. तुमच्या बायकोच्या वहीतला बटाट्याचा पाते, म्हणजे पारीत बटाटे भरून भाजलेला, तुम्ही आमच्यासाठी त्यातलं डुकराचं मांस काढून दोनदा करून बघितलात, लसूण आणि क्रीम वाढवलंत, आणि मी कुट्टूच्या पिठाचे गालतू, म्हणजे इथली धिरडी, केले तर म्हणालात हे आमच्यापेक्षा पातळ झालेत, मी म्हटलं हो, कारण हे घावन आहेत.

तुमच्या खिडक्यांची दारं आता बंद असतात. वाडीत राहती घरं तीन झाली, मी रोज सकाळी बघते आणि बरं वाटत नाही. चावी माझ्याकडे ठेवून गेलात, तर आठवड्यातून एकदा मी खिडक्या उघडून घरात वारा खेळवते, उत्तरेच्या भिंतीला हात लावून बघते. कोरडी आहे.

रविवारी बाराला पोचतो आम्ही, पाते घेऊन. पूर्वेची भिंत खिडकीपर्यंत भरून झाली, साधारण दोन मीटर राहिलीय आणि दंव पडायच्या आत व्हायला हवी. फोटो आणणार नाही, फोटोत दर्जा कळत नाहीत असं तुम्हीच म्हणता. तुमची मुलगी म्हणाली की तूसँच्या सुट्टीत ती तुम्हाला इकडे आणणार आहे. शेवंतीची कुंडी या वर्षी पण मी घेऊन ठेवते, पांढरी मिळाली तर पांढरी, थडग्यावर आपण दोघं जाऊ. जेवण आमच्याकडे. येताना चाकू आणा, भिंत तपासायचीय.

तुमची,
चारशे मीटरवरची शेजारीण