धरणावर रुजू झालेल्या लेकीस

चि. ताई,
अनेक आशीर्वाद.

रुजू झाल्याचा तुझा मेसेज आक्कानं सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. तात्यांनी गल्लीभर पेढे वाटले, तुझ्याशी बोलत नसले तरी. परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, पातळी आता सेन्सर सांगतो, काठावर कोण जातंय?" ऐकून जीव भांड्यात पडला आणि वाईटही वाटलं. आधी एवढंच सांगतो, पावसाळ्यात काठावर एकटी जाऊ नकोस.

माझी सगळी नोकरी बंधाऱ्यावर गेली. पाऊस सरला की पाणी अडवायला बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालायचे, मृगाच्या आधी काढायचे. आपल्याकडं ऊन असताना भोगावती तांबूस दिसली, की वर दाजीपूरच्या अंगाला कोसळतोय हे ओळखायचं. उघडीप असेल तर काठचा दगड बघायचा. पाणी उतरत असेल तर त्याच्या वर दगडावर ओला पट्टा राहतो. चढत असेल तर वरचा दगड कोरडा. हे आकड्यात येतं, पण जरा उशिरा.

आणि आकडा एकाच जागेचा असतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशाऱ्याचे 39 फूट झाले, कोल्हापुरात पाऊस थांबला, की लोक म्हणतात आता उतरेल. पण खाली नृसिंहवाडीला, जिथं पंचगंगा कृष्णेला मिळते, तिथं कृष्णाच तुडुंब असली तर पंचगंगेनं जायचं कुठं? फूग मागं येते, तुंबलेलं पाणी उलटं चढतं. 2019च्या ऑगस्टात धोक्याची 43 फुटांची खूण कधीच बुडाली, पाणी 55च्या वर गेलं. मामीच्या म्हशीचं दावं कापायला तू छातीभर पाण्यात उतरलीस. मी ते चारचौघांत कौतुकानं सांगतो. पण रात्री आठवलं की उठून बसतो. म्हणून म्हणतो, एकटी जाऊ नकोस.

शाहू महाराज 1894ला गादीवर आले आणि दोनच वर्षांत दुष्काळ पडला. ते स्वतः मुलखात फिरले, माणसं-जनावरं कशी तगतात ते बघितलं. राधानगरीचं धरण त्यातून आलं. पुढं पैशाअभावी काम रखडलं. महाराज 1922ला गेले, अवघ्या 47व्या वर्षी. धरण पुरं झालं स्वातंत्र्यानंतर. ज्या पाण्यावर आपला ऊस आहे, ते त्यांनी भरलेलं पाहिलंच नाही. दूरदृष्टी उपजत असते असं म्हणतात, मला ते पटत नाही. लोकांच्या दारात जाऊन बघितलं म्हणून त्यांना पन्नास वर्षांपुढचं दिसलं. तूही धरणाखालच्या गावांत जा. कुठल्या घरात पाणी आधी शिरतं ते म्हाताऱ्यांना विचार, वहीत लिहून ठेव. दरवाजे उघडायची वेळ आली की पडद्यावरच्या आकड्यामागं कुणाचा गोठा आहे हे तुला माहीत असायला हवं.

भाषण झालं बघ. रागावू नकोस, तुझं शिक्षण माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. ऑफिसातली माणसं तुला मॅडम म्हणतात हे आक्कानं मला दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा मी नव्यानं ऐकल्यासारखं ऐकलं.

फक्त नदी बघायला निघालीस की चौकीदाराला बरोबर घे. तो नको म्हणाला तर तूही थांब.

रविवारी तात्यांना तूच फोन लाव, ते आपणहून करायचे नाहीत. आणि गमबूट मिळाले का ते कळव. नसतील तर शनिवारी इथून घेऊन पाठवतो. नंबर तेवढा लिही, मोजे घालून बघून.

तुझे,
बाबा