सूचना : शनिवारी बोमन ग्रेला येणाऱ्यांसाठी

मंडळी, शनिवारी संध्याकाळी विन्स्टन-सेलमच्या बोमन ग्रे स्टेडियमवर ताईचा मुलगा मोटार शर्यतीत, ‘स्टेडियम स्टॉक’ या गाड्यांच्या गटात उतरतोय. फुटबॉलच्या मैदानाभोवतीचा पाव मैलाचा सपाट ट्रॅक. १९४९ पासून इथे नॅस्कार या अमेरिकेतल्या मोटार शर्यतींच्या संस्थेच्या शर्यती होतात. बसायला सिमेंटच्या पायऱ्या आहेत, उशी किंवा जाड चादर आणाच.

कानांचं आधी बघा. मोठ्यांना फोमचे प्लग चालतील : पिळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर ओढून आत सारा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. नुसते टेकवले तर काही उपयोग नाही. लहानग्यांच्या कानांत ते नीट बसत नाहीत, त्यांना इअरमफच हवेत. पुढच्या रांगा टाळा. टायरच्या रबराचे कण उडतात, शिवाय वरून अख्खा ट्रॅक दिसतो.

धडक झाली तर कुंपणाकडे धावू नका. चालकाने खिडकीची जाळी खाली सोडली की तो ठीक आहे. ताईच्या शेजारी बसणाऱ्याने जाळीवरच नजर ठेवावी, तेवढे सेकंद तिचा जीव टांगणीला लागतो.

गाडीची तपासणी होईपर्यंत निकाल पक्का नसतो. अभिनंदनाचे मेसेज तोवर थांबवा. पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करतात त्या जागेत, जायचं तर वेगळा पास आणि पायात बंद बूट.