हवा मोजणारे हात कुठे घडणार?

संपादक महोदय,

मी २२ वर्षे भोसरी-चाकण पट्ट्यात एसी प्लांटची कामे करतो. गेल्या महिन्यात एका रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात हवा मोजायला गेलो. खोली २० फूट बाय २० फूट, उंची १० फूट. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएच या मंडळाच्या निकषानुसार तासाला किमान २० वेळा हवा बदलायला हवी, म्हणजे मिनिटाला सुमारे १,३३३ घनफूट. हवेच्या तोंडावर मोजणीचा हुड लावला तर ८०० सुद्धा भरेना. पंखा ठणठणीत, फिल्टर नवे. डक्टमधला (हवा वाहून नेणाऱ्या नळीतला) एक डँपर, म्हणजे हवा कमी-जास्त करणारी झडप, अर्धा बंद होता, आणि आधीच्या अहवालात मात्र आकडे चोख! जीव कळवळला. तिथे माणसाचे पोट उघडतात.

माझ्याकडे येणारी आयटीआयची मुले गॅस भरणे, ब्रेझिंग (नळ्यांचे धातूजोड) झकास करतात. डक्टमधल्या हवेचा वेग मोजायची पिटॉट ट्यूब मात्र बहुतेकांनी हातात धरलेली नसते. बॅलन्सिंगला, म्हणजे प्रत्येक तोंडातून ठरलेली हवा येईल असे जुळवायला, डक्टचा नकाशा वाचता यावा, दाब मोजणारा मॅनोमीटर कळावा, गणित पक्के हवे. ठरलेल्या हवेच्या तुलनेत सर्वांत कमी हवा मिळणाऱ्या तोंडाचा डँपर पूर्ण उघडा ठेवून बाकीची तोंडे त्याच्या प्रमाणात आवळायची, एक हलवले की दुसरे बदलते, म्हणून पुन्हा मोजायचे. धीर लागतो. आणि मोजले तेच लिहायची सचोटी.

अमेरिकेत नेबसारख्या संस्था यासाठी लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा घेतात. आपल्या आयटीआयमध्ये निदान सहा महिन्यांचा असा वर्ग सुरू करावा. शनिवारी शिकवायला मी विनामोबदला येईन, उपकरणेही माझीच आणीन.

– एक वातानुकूलन तंत्रज्ञ, भोसरी, पुणे