जेटला प्रॉपेलरचा आवाज

महोदय,

रविवारच्या पुरवणीत विनोदी चित्रपटांतल्या 'ढोबळ चुकां'ची यादी वाचली. तिसऱ्या क्रमांकावर 'एअरप्लेन!' (१९८०) दिसला आणि माझीच जुनी फजिती आठवली.

मी ३४ वर्षं सांताक्रूझला हँगरमध्ये विमानांची इंजिनं दुरुस्त केली. निवृत्तीनंतर मुलाने हा सिनेमा लावून दिला. पडद्यावर चार इंजिनांचं बोईंग ७०७, आणि आवाज घर्रर्र घर्रर्र, प्रॉपेलरच्या विमानाचा! मी सोफ्यावरून उठलोच. "अरे, हे पिस्टन इंजिन आहे, जेट असं घरघरतं का?" सून म्हणाली, "बाबा, तोच तर विनोद आहे." मला काही पटेना.

नंतर कळलं ते असं. हा सिनेमा म्हणजे १९५७च्या 'झीरो अवर!' या गंभीर विमानपटाची टिंगल. त्यातलं विमान प्रॉपेलरचं. तिन्ही दिग्दर्शकांना तसंच हवं होतं, पण स्टुडिओने जेटचा हट्ट धरला. मग त्यांनी विमान जेटचं घेतलं आणि आवाज जुनाच ठेवला! आपल्या लेखकाने हीच गोष्ट 'ध्वनिमुद्रणातली हलगर्जी' म्हणून नोंदवली आहे. अहो, हलगर्जी एखाद्या वेळी होते. इथे विमान आकाशात दिसलं रे दिसलं की तीच घरघर.

आपल्याकडचंच बघा. 'अशी ही बनवाबनवी'त (१९८८) अशोक सराफ ओळख करून देतात, 'हा माझा बायको पार्वती'. व्याकरणाच्या मास्तरांनी लाल पेन काढावं असं वाक्य. ते 'ही माझी बायको' करून बघा, काय उरतं? समोर साडीत लक्ष्मीकांत बेर्डे. जीभ घसरते ती नेमकी खऱ्याच्या बाजूला, म्हणून हसू फुटतं. साडी नेसलेला पुरुष कुणाला ओळखू कसा येत नाही, अशीही शंका लेखात आहे. ते तर प्रेक्षकाने तिकीट काढतानाच कबूल केलेलं असतं.

म्हणून सगळंच माफ, असं मात्र मी म्हणत नाही. अर्धा प्यालेला चहा पुढच्या शॉटला काठोकाठ, भिंतीवर माइकची सावली डुलतेय, ही चूकच. सिनेमा कितीही विनोदी असो. 'कॉमेडी आहे, चालतंय' म्हणणारे मला त्या लेखकाइतकेच खटकतात. हँगरमध्ये जमिनीवर सुटा बोल्ट सापडला की आम्ही आधी विचारायचो, हा निघाला कुठून? फेकायचा की नाही ते त्यानंतर. लेखकाने बोल्ट दिसला की थेट कचऱ्यात टाकलाय.

यादीतला तेवढा तिसरा क्रमांक गाळावा, ही विनंती. सुनेला 'तुझंच बरोबर होतं' असं मी अजून म्हटलेलं नाही. पत्र छापून आलं तर तेही काम परस्पर होईल.

आपला,
एक निवृत्त विमान तंत्रज्ञ, डोंबिवली (पूर्व)